मालकांची रांग

वाण्याच्या दुकानात माणूस गिऱ्हाईक असतो आणि ग्राहक भांडारात तो मालक असतो. यातलं काय होणं अधिक सुखाचं, हे ज्यांनी दोन्हीकडून तूरडाळ आणली आहे त्यांना सांगावं लागत नाही. वाणी गिऱ्हाईक दिसताच गादीवरून अर्धा उठतो, ‘वहिनी, यंदाचा आंबेमोहोर बघाच’ म्हणतो, पोराच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवतो आणि मग मापात मारतो. भांडारात मापात कुणी मारत नसे. पण मालक येताना दिसला की काउंटरमागचा माणूस खाली वाकून काहीतरी शोधायला लागे, आणि मालक कंटाळून पंख्याखाली जाऊन उभा राहीपर्यंत त्याला ते सापडत नसे.

मुंबईच्या उपनगरात आमची चारमजली, बिनलिफ्टची कॉलनी. भांडार एका इमारतीच्या तळमजल्यावर, एका अंगाला दूध केंद्र आणि दुसऱ्या अंगाला गणेशोत्सव मंडळाची खोली. मधली भिंत वरपर्यंत गेलेलीच नव्हती. त्यामुळे श्रावणात मंडळाची आरास सुरू झाली की भांडारातल्या साखरेत चमकी यायची. तक्रार केली तर मॅनेजर म्हणायचे, ‘देवाची आहे, काही होत नाही.’

वडील संस्थापक सभासदांपैकी. दहा रुपयांचा एक, असे पाच भाग त्यांनी घेतले होते. तो भागदाखला लोखंडी कपाटात आयुर्विम्याच्या पॉलिसीच्या वर आणि रेशनकार्डाच्या खाली ठेवलेला असे. पाहुणे आले की वडील त्यांना गॅलरीतून भांडाराची पाटी दाखवत आणि ‘हे आपलं दुकान’ असं म्हणत. पाहुण्यांना वाटे, माणूस कारकुनी करतो पण जोडधंदा चांगला काढलाय. एका मावसकाकांनी तर भागीदारीत येऊ का, असंही विचारलं होतं. वडिलांनी त्यांना सहकाराची तत्त्वं समजावून दिली, आणि काका रात्रीच्या गाडीऐवजी संध्याकाळच्याच गाडीने परत गेले.

ही तत्त्वं आम्हा मुलांना तोंडपाठ होती, कारण दर नोव्हेंबरात, १४ ते २० तारखेच्या सहकार सप्ताहात, वडिलांचं भांडारासमोर व्याख्यान होई आणि ते संपल्यावर लिमलेटच्या गोळ्या वाटल्या जात. गोळ्यांसाठी आम्ही रॉचडेल सहन केलं. रॉचडेल हे इंग्लंडमधलं कापडगिरण्यांचं गाव. तिथल्या अठ्ठावीस जणांनी, त्यात बरेचसे विणकर, आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकत माणशी एक पौंड जमवला आणि २१ डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी टोड लेन नावाच्या गल्लीत दुकान उघडलं. माल काय, तर लोणी, साखर, मैदा, ओटचं पीठ आणि थोड्या मेणबत्त्या. बाहेर गल्लीतली पोरं हुर्यो करत होती, आणि आत दुकानाच्या फळ्या आधी कुणी काढायच्या यावर मालकांची चुळबुळ चालली होती. वडिलांच्या भाषणातला एवढाच भाग मला पटायचा. माल कमी आणि मालक जास्त, हे चित्र आमच्या ओळखीचं होतं.

रॉचडेलवाल्यांनी नियम घालून दिले, त्यातले बरेचसे आजतागायत चालू आहेत. माल शुद्ध द्यायचा, कारण तेव्हा तिकडे पिठात खडू मिसळायची पद्धत होती. भाग कितीही असोत, मत एकच. नफा झाला तर ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत. आणि उधारी बंद. या शेवटच्या नियमावरून आमच्या आईचं आणि रॉचडेलचं कायमचं वाकडं होतं. महिन्याच्या वीस तारखेनंतर आमच्या घरात रोख रक्कम ही दंतकथा होती. त्यामुळे वीसपर्यंत आम्ही सहकारी आणि वीसनंतर वाण्याचे. वाण्याकडे आईची लाल कापडी बांधणीची वही होती. ती पिठाच्या डब्यामागे असते हे वडिलांना ठाऊक होतं, आणि वडिलांना ठाऊक आहे हे आईला ठाऊक होतं. पण संस्थापक सभासदाच्या घरात हा विषय निघत नसे.

तसं पाहिलं तर आपल्याकडे सहकाराचा पहिला कायदा आला १९०४ साली, पण तो कर्ज देणाऱ्या संस्थांपुरता. शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून सोडवायचं होतं. वाण्याच्या तावडीतून कारकुनाला सोडवायची सवड सरकारला नव्हती. तरी त्याच वर्षी मद्रासच्या ट्रिप्लिकेनमध्ये काही मंडळींनी रॉचडेलवरून स्फूर्ती घेऊन ग्राहकांचं दुकान काढलं. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांनाही दार उघडलं. मुंबईत १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत ग्राहकांची संस्था उभी राहिली, तीच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून मोठी झाली. पण मध्यमवर्गाला जाग यायला चीनने हल्ला करावा लागला. १९६२ च्या युद्धात भाव भडकू नयेत म्हणून केंद्र सरकारने ग्राहक भांडारांची योजना आणली आणि गावोगाव पाट्या लागल्या. १९६६ साली रुपयाचं अवमूल्यन झालं, तेव्हा दिल्लीत सुपर बाजार उघडला. बहात्तरच्या दुष्काळात अमेरिकेचा लाल मिलो खाऊन लोकांची पोटं बिघडली आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. थोडक्यात, देशावर काहीतरी मोठं संकट आल्याशिवाय आमच्यासारख्यांना तूरडाळ एकत्र आणण्याची बुद्धी होत नाही. आमचं भांडार यातल्या नेमक्या कुठल्या संकटातून निघालं यावर संस्थापकांमध्ये दोन तट होते, म्हणून त्याचा रौप्यमहोत्सव दोनदा साजरा झाला.

आता खरेदी. भांडाराला तीन खिडक्या होत्या. पहिल्या खिडकीवर आपली यादी वाचून दाखवायची. तिथला कारकून ती तीन प्रतींत पावतीवर उतरवून घेई. वरची प्रत हिशेबाला, मधली माल देणाऱ्याला, आणि दोन कार्बन ओलांडून जे काही उमटेल ते मालकाला. त्याचं हस्ताक्षर वरच्या प्रतीवरही धड लागत नसे, तिसरीवर तर नुसत्या निळ्या सावल्या. ती घेऊन दुसऱ्या खिडकीवर जायचं, पैसे भरायचे, ‘रोख मिळाले’ असा जांभळा शिक्का मारून घ्यायचा. तिथे सुटे नसत. सुट्यांच्या बदल्यात काडेपेटी मिळे. मग तिसरी खिडकी, प्रत्यक्ष मालाची. आणि इथे, पैसे भरून शिक्का बसल्यानंतर, प्रथमच ही माहिती मिळे की साबुदाणा संपला आहे.

‘मग पहिल्या खिडकीवर का नाही सांगितलं?’

‘पहिल्या खिडकीला साठ्याचं काय माहीत? ती बिलिंग आहे.’

पावती रद्द करायला मॅनेजरची सही लागे आणि मॅनेजर बँकेत गेलेले असत. हे गृहस्थ बँकेत इतके असत की बँकेला ते आपलेच वाटत. मग तिसऱ्या खिडकीवरचा माणूस मोठ्या मनाने तोडगा सुचवी, तेवढ्याच पैशांचं दुसरं काही न्या. आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी साबुदाण्यासाठी धाडलेला मी फिनेलच्या दोन बाटल्या घेऊन घरी आलेला आहे. आई बाटल्यांकडे आणि माझ्याकडे बघत बसली. वडील म्हणाले, ‘शुद्ध आहे, बाहेर पाणी घालतात.’

माल मात्र खरोखर चांगला असे, हे कबूल केलं पाहिजे. तिखटात विटेचा भुगा नव्हता, चहात चामड्याची पूड नव्हती, डाळीला रंग नव्हता. खडे होते, पण ते कंपनीकडूनच आलेले, भांडाराने घातलेले नव्हते. वर्तमानपत्राच्या कागदाचा खोलगट पुडा, वरून टांगलेल्या रिळातून खेचलेला दोरा, त्याला चार वेढे आणि बोटाच्या एका हिसक्यात तोडणं हे तिसऱ्या खिडकीवरच्या भाऊंचं काम मी तासन्‌तास पाहिलेलं आहे. घाई नावाची गोष्ट त्या बोटांना शिवली नव्हती. काटा स्थिर होईपर्यंत ते डोळे मिटून उभे राहत. शेवटचे चार दाणे चिमटीने काढून घेत आणि पोत्यात परत टाकत. वाणी मापात मारतो तो निदान आडून मारतो, भाऊ ते चार दाणे मालकाच्या डोळ्यांदेखत काढत, कारण काटा बरोबर दाखवला पाहिजे असा संस्थेचा नियम होता.

भाऊ सभासदांना नावाने ओळखत नसत, क्रमांकाने ओळखत. ‘चारशे बारा, तुमची पिशवी राहिली’ किंवा ‘दोनशे नव्वदच्या मुलीचं जमलं म्हणे’ अशी त्यांची भाषा. कॉलनीत दोन देशपांडे आणि तीन कुलकर्णी असल्यामुळे हळूहळू सगळ्यांनाच ही सोय पटली. एका लग्नाच्या याद्या करताना वडिलांनी ‘एकशे तीस, सहकुटुंब’ असं लिहिलेलं मी पाहिलं आहे.

काचेच्या कपाटात एक निळा थर्मास होता. तो आमच्या लहानपणापासून होता. घरी बाळंतीण होती म्हणून शेजारच्या काकूंनी तो मागितला, तर विक्रेता म्हणाला, ‘हा शेवटचा आहे, देता येणार नाही.’ का? ‘हा दिला तर लोकांना दाखवणार काय?’ काकूंनी विचारलं, थर्मास विकायला नाही तर दाखवायचा कशाला. त्यावर त्याने जे उत्तर दिलं ते कुठल्याही व्यवस्थापनाच्या पुस्तकात मिळणार नाही. तो म्हणाला, ‘म्हणजे कळतं, आपल्याकडे थर्मास असतो.’

भांडाराचं वर्ष ठरलेलं होतं. जूनमध्ये सवलतीच्या कागदाच्या वह्या येत. त्यासाठी आदल्या रात्रीपासून रांग लागे, आणि शाई पलीकडच्या पानावर उतरत असल्यामुळे प्रत्येक वही एकाच बाजूने वापरावी लागे, म्हणजे सवलत तिथेच संपे. दिवाळीआधी रवा, मैदा, डालड्याचे डबे आणि जादा साखर. पामतेल आलं की कॉलनीभर निरोप जाई. मग बरण्या, किटल्या, डबे, नरसाळी घेऊन मालक जमत, आणि पहाटेच्या गारठ्यात पिंपातलं तेल थिजलेलं असेल तर ते पातळ होईपर्यंत उन्हात उभं राहून सरकारला शिव्या देत. कंट्रोलचं कापडही येई. एकदा निळ्या उभ्या पट्ट्यांच्या शर्टिंगचा मोठा गठ्ठा आला आणि स्वस्त म्हणून सगळ्यांनी घेतलं. त्या गणपतीत आरतीला उभी राहिलेली कॉलनी बघून बाहेरून आलेल्या एका पाहुण्यांनी विचारलं, ‘कुठल्या बँडची माणसं ही?’

खरं तर भांडाराचं सगळ्यात मोठं काम दाराबाहेर चाले. दाराशी एक काळा फळा होता आणि त्यावर रोज सकाळी खडूने दर लिहिले जात: साखर, तूरडाळ, शेंगदाणे, गोडेतेल. आठच्या सुमाराला वाण्याचा पोऱ्या येई, फळा वाची, ओठ हलवत पाठ करी आणि धावत परत जाई. मग वाणी आपले भाव लावी. भांडारापेक्षा पाच-दहा पैसे इकडे किंवा तिकडे, पण अंतर फार पडू देत नसे. ज्या बाया भांडारात कधी पाऊल टाकत नसत त्या जाताजाता फळा वाचत आणि वाण्याशी त्याच्या जोरावर भांडत. तेव्हा भांडाराचा खरा फायदा झाला तो भांडारात न जाणाऱ्यांना. वडिलांना हे सांगितलं तर ते चिडत, पण त्यांच्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा त्या फळ्यात सहकार अधिक होता असं माझं अजूनही मत आहे. खडूचा खर्च, तोसुद्धा ‘किरकोळ’मध्ये.

आणि किरकोळवरूनच लेखापरीक्षकाकडे यावं लागतं. दरवर्षी सरकारी लेखापरीक्षक येत, आठवडाभर बसत आणि दोषांची यादी देऊन जात. संस्थेने त्यावर दोषदुरुस्ती अहवाल पाठवायचा असतो, असा कायदा आहे. एका वर्षी काजूच्या साठ्यात सव्वादोन किलोची तूट निघाली. मॅनेजरनी खुलासा दिला, ‘उंदरांनी खाल्ले.’ लेखापरीक्षकांनी शेरा मारला, ‘शेजारच्याच शेंगदाण्याच्या पोत्यास उंदरांनी तोंड लावलेले दिसत नाही. कारण द्यावे.’ संचालक मंडळाने बराच खल करून कळवलं की उंदरांचा बंदोबस्त करण्यात येत आहे, आणि एक मांजर पाळण्यात आलं. पुढच्या वर्षी शेरा आला: ‘मांजरासाठी दररोज पाव लिटर दूध असा खर्च दिसतो. मांजर पाळण्याबाबत मंडळाचा ठराव आढळून आला नाही. तसेच मांजर मृतसाठा नोंदवहीत दाखविलेले नाही.’ यावर पुन्हा खल झाला. मृतसाठ्यात, म्हणजे खुर्च्या-टेबलांच्या शेजारी, जिवंत मांजर लिहायचं कसं, असा तात्त्विक प्रश्न एका संचालकाने उभा केला. शेवटी मांजर हे संस्थेचं नसून दूध केंद्राचं आहे आणि ते भांडारात मानद म्हणून येतं, असा खुलासा गेला. तो मान्य झाला. तूट मात्र चालूच राहिली, फक्त काजूऐवजी बेदाण्यावर गेली.

वार्षिक सर्वसाधारण सभा हा आमच्या कॉलनीचा खरा नाट्यमहोत्सव. शाळेच्या हॉलमध्ये, तिसरीच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला लावून मालक बसत. पहिला विषय श्रद्धांजलीचा. त्यात राष्ट्रीय नेते, शास्त्रज्ञ, साहित्यिक, सीमेवरचे जवान, भूकंपग्रस्त आणि ‘ज्ञात-अज्ञात सभासद’ या सर्वांना एकाच दमात वाहून टाकत. मग मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं, आणि गाडी इथे अडे. हिशेब खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. अहवाल हातात पडल्यापासून सभेपर्यंतचे पंधरा दिवस ते लाल पेन्सिल घेऊन बसत. सभेत ते उभे राहिले की हॉलभर चुळबूळ होई.

‘पान सात, ओळ चार. किरकोळ खर्च. याची फोड करून मिळावी.’

‘चहा, झाडू, खडू, रेव्हेन्यू स्टँप वगैरे.’

‘वगैरे किती?’

‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.’

‘मागच्या वर्षीही घेण्यात आली होती. ती नोंद वाचून दाखवावी.’

नोंद शोधायला भाऊंना भांडारात पिटाळलं जाई. तोवर चहा. पेले परत जमा करेपर्यंत ताळेबंद आणि नफातोटा पत्रक मंजूर झालेलं असे. ही युक्ती कुठल्या चेअरमननी काढली ते ठाऊक नाही, पण प्रत्येक चेअरमननी ती पुढच्याला सोपवलेली दिसते.

लाभांशाचा ठराव सगळ्यात गंभीरपणे येई. सहकार कायद्याने लाभांशाला कमाल मर्यादा घातलेली आहे, आज ती पंधरा टक्के आहे. आमच्या भांडाराने हा कायदा कधी मोडला नाही. सहा टक्के जाहीर झाले की टाळ्या पडत, आणि पन्नास रुपयांच्या भागांवर वडिलांना तीन रुपये मिळत. ते घ्यायला कामाच्या दिवशी चार ते पाचच्या दरम्यान कार्यालयात जावं लागे. वडील त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा काढत. ही रजा आईने एकदा हिशेबात धरून दाखवली, तेव्हा ते फक्त म्हणाले, ‘तत्त्वाचा प्रश्न आहे.’

सभेला गर्दी किती होईल हे मात्र भेटवस्तूवर ठरे. बहुतेक वर्षी स्टीलची वाटी, तिच्यावर संस्थेचं नाव आणि साल कोरलेलं. ज्या वर्षी नायलॉनची पिशवी दिली त्या वर्षी गणपूर्तीसाठी बाहेर क्रिकेट खेळणाऱ्या सभासदपुत्रांना आत आणावं लागलं. एकदा प्रेशर कुकर देणार अशी आवई उठली, तेव्हा परळहून, बोरिवलीहून, एक तर थेट नाशिकहून, घर सोडून गेलेले सभासद सपत्नीक हजर झाले. मिळाली वाटीच. आमच्या घरी या वाट्यांची अशी रांग झाली की आई स्वयंपाक करताना म्हणे, ‘ती अठ्ठ्याहत्तरची दे, चौऱ्याऐंशीची नको, तिचा काठ कापतो.’

निवडणुकाही जोरात होत. छत्री पॅनेल विरुद्ध कपबशी पॅनेल. बैठकीला चहा आणि नाममात्र भत्ता यापलीकडे त्या पदात काही नव्हतं, तरी घरोघर पत्रकं येत, रात्री गच्चीवर खलबतं चालत, आणि वीस वर्षांचे शेजारी एकमेकांच्या दारची रांगोळी ओलांडायचं बंद करत. सहकार म्हटलं की महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे साखर कारखाना येतो. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीने प्रवरेला तो उभा केला, आणि पुढे कारखान्याच्या गेटमधून आमदार, खासदार, मंत्री बाहेर पडू लागले. आमच्या चेअरमननाही ही वाट दिसत असावी. पण साखर करणारा मंत्री होतो, साखर विकणाऱ्याला साखरेत चमकी का आली याचंच उत्तर देत बसावं लागतं. सहकाराच्या बळावर आमच्या भांडारातून वर गेलेला एकच माणूस मला आठवतो. तो शेजारच्या खोलीत गणेशोत्सव मंडळाचा कार्याध्यक्ष झाला.

मध्येच एक प्रतिस्पर्धी निघाला, तोही चळवळीतलाच. बिंदुमाधव जोशी यांच्या प्रेरणेने १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, आणि सुधीर फडके तिच्या उभारणीत होते. गीतरामायण गाणारा माणूस तांदळाच्या भावाकडे लक्ष देतो म्हटल्यावर आई लगेच सभासद झाली. वडील दुखावले. पंचायतीला दुकानच नव्हतं. काही घरांनी मिळून एक संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, माल एकाच्या घरी उतरायचा आणि तिथे सगळ्यांनी मिळून आपापला वाटा वेगळा करायचा. आमच्या बैठकीच्या खोलीत पोती उतरली, त्या दिवशी संस्थापक सभासदाला दिवाणावर पाय वर घेऊन बसावं लागलं. खालच्या मजल्यावरच्या वहिनी रवा मोजताहेत, समोरच्या आजी हिशेब तपासताहेत, आणि दोन तासांत सगळं वाटून खोली झाडूनसुद्धा झाली. एकही खिडकी नाही, शिक्का नाही, मॅनेजर बँकेत नाही. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘पण यांचं इतिवृत्त कोण लिहितं?’

एक्क्याण्णवनंतर बाजारात माल इतका आला की भांडाराला तो घ्यायलाच जमेना. नवी वस्तू ठेवायची तर खरेदी समितीचा ठराव लागे. दोन मिनिटांत होणाऱ्या नूडल्सवर आमच्या खरेदी समितीने दोन वर्षं चर्चा केली. मग मालकांची मुलं मोठी झाली आणि ढकलगाडी घेऊन झगझगीत दिव्यांखाली फिरू लागली. तिथे कुणी त्यांना मालक म्हणत नव्हतं, आणि त्यांना त्याचं काही वाटतही नव्हतं. गंमत अशी की या नव्या दुकानांतलं जे सगळ्यात फोफावलं त्याचा एक धागा सहकारातूनच जातो. राधाकिशन दमाणी यांनी १९९९ साली नेरूळला अपना बाजारचीच शाखा फ्रँचायझीने चालवायला घेतली होती. तो नमुना त्यांना पटला नाही, आणि २००२ साली पवईला त्यांनी स्वतःचं डीमार्ट उघडलं. आता तिथे शनिवारी संध्याकाळी जी रांग लागते ती पाहून मला आमचे भाऊ आठवतात. एवढी रांग त्यांच्यापुढे असती तर त्यांनी जेवणाची सुट्टी लवकर केली असती.

भांडार अवसायनात काढावं, अशी उपनिबंधकांना विनंती करण्यासाठी विशेष सभा बोलावली गेली. वडील तोवर पंच्याऐंशीचे होते. मी त्यांना धरून नेलं. वेळेला गणपूर्ती झाली नाही, कारण नोटिशीत भेटवस्तूचा उल्लेख नव्हता. नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब झाली आणि त्याच जागी पुन्हा भरली, तेवढीच माणसं घेऊन. लाल पेन्सिलवाले गृहस्थ आता नव्हते. त्यांचे चिरंजीव आले होते आणि त्यांनी विचारलं, अवसायकाचा भत्ता किरकोळमध्ये पडणार की वेगळा. नोंद घेण्यात आली.

मागच्या बाकावरून वाणी उभा राहिला. त्याला पाहून सगळे चमकले. त्याच धंद्यातल्या माणसाला सभासद होता येत नाही, असा उपविधी होता. तो म्हणाला, मी बायकोचा प्रतिनिधी म्हणून आलोय, तिचा भाग अगदी पहिल्यापासूनचा आहे, दर वर्षी तुमचा अहवाल यायचा, खरेदीचे भाव त्यात असायचे. प्रतिनिधीला बोलता येतं का यावर दहा मिनिटं गेली. मग त्याला परवानगी मिळाली आणि त्याने एकच प्रश्न विचारला, ‘बंद करा, पण मग भाव बघायचा कुठे?’ याचं उत्तर व्यासपीठावर कुणाकडेच नव्हतं. चेअरमननी सूचनेची नोंद घेतली.

ठराव मतास टाकला. विरोध कुणाचाच नव्हता. संस्थेच्या इतिहासात एकमताने मंजूर झालेला हा पहिलाच ठराव, हे सेक्रेटरींनी आवर्जून सांगितलं तेव्हा टाळ्याही पडल्या. त्यानंतर मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. वडिलांनी हात वर केला. त्यांना उभं करायला मला आणि शेजारच्यांना मदत करावी लागली. ते म्हणाले की गेल्या दिवाळीतल्या रव्यात पोरकिडे निघाले, लेखी तक्रार दिली होती, तिचं काय झालं ते सभेला कळावं.

मॅनेजर बँकेत गेले होते. अध्यक्षांनी इकडे तिकडे पाहिलं, सेक्रेटरींशी कुजबुजले आणि सदर बाब पुढील सभेत घेण्यात यावी असं सुचवलं. सूचक सभासद क्रमांक दोनशे नव्वद, अनुमोदक चारशे बारा. ठराव सर्वानुमते मंजूर.